जलद चिपने कमोडोर जळत नाही

चवथीआधीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर खाली उतरतात, आणि व्हॉट्सॲपवर एक जुना सल्लाही पुन्हा फिरू लागतो: 'मेमरी चिपवर -२० असेल तर -२०च घाला. -१५ किंवा -१२ घातली तर मशीन जास्त वेगाने पळतं, तापतं आणि जळतं. वेगवेगळ्या वेगाच्या चिप एकत्र तर कधीच नकोत.'

आधी पळण्याचं बघू. -२० म्हणजे २०० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश भाग), -१५ म्हणजे १५०. विचारल्यापासून जास्तीत जास्त इतक्या वेळात चिप उत्तर देईल, एवढीच ती हमी. विचारायचं कधी, ते घड्याळ ठरवतं. कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचं घड्याळ साधारण १ मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक ठोका सुमारे १००० नॅनोसेकंदांचा. त्यातला अर्धा वेळ प्रोसेसरचा, अर्धा चित्र काढणाऱ्या व्हिक चिपचा, म्हणजे प्रत्येकाला सुमारे ५०० नॅनोसेकंद. काही वेळ पत्ता पाठवण्यात जातो, तरी २०० ला जागा उरते. उत्तर १२०मध्ये आलं तरी प्रोसेसर ते आपल्या वेळेलाच उचलणार. तुम्ही स्टँडवर दहा मिनिटं आधी पोचलात म्हणून कदंबाची बस लवकर सुटते काय? घड्याळ तेच, काम तेवढंच, मग जादा तापायचं कशाला?

भीती उलट्या बाजूची खरी. चिप गरजेपेक्षा हळू असेल तर उत्तर यायच्या आत प्रोसेसर वाचून मोकळा होतो, आणि पडद्यावर कचरा.

मिसळण्याचंही तसंच. कमोडोरच्या जुन्या बोर्डावर ४१६४ जातीच्या आठ चिप, प्रत्येकीकडे आठ बिटांच्या बाइटचा एकेक बिट. आठही जणींनी मुदत पाळली की झालं. काकांनी कुवेतहून आणलेल्या आमच्या मशीनमध्ये पाच -२० आहेत नि तीन -१५.

जळण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, फक्त कारण वेगळं आहे. स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरच्या मेमरीत, खालच्या १६ केबीत, ४११६ जातीच्या चिप असतात. त्यांना +५, +१२ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात. ४१६४ ला नुसतं +५. पाय दोघींना सोळाच, त्यामुळे ४११६च्या जागेवर ४१६४ चपखल बसते. पण तिथे आठव्या पायावर १२ व्होल्ट येतात, आणि ४१६४ तिथेच ५ मागते. स्विच दाबला की गेली. म्हणून चिपवरच्या नंबरात शेपटीचा -२० बघण्याआधी मधला आकडा वाचा, ४११६ की ४१६४.

आणि पावसाळ्यानंतर मशीन उठत नसेल तर चिप बदलण्याआधी काढून पाय बघा. खाऱ्या हवेने माझ्या एका चिपचे पाय काळे पडले होते. खोडरबराने घासून परत बसवली, तीच -२० अजून चालते आहे.