मंगळवेढ्याच्या ज्वारीचा जीआय आणि आत्याच्या बंद झालेल्या गोळ्या

गेल्या महिन्यात सोलापुरात भवानी पेठेत आत्याकडे गेले, तेव्हा ती पाय पाटावर ठेवून बसली होती. चप्पल घासून अंगठ्याशेजारी झालेली जखम तीन आठवडे ओली होती. शुगर कधी तपासली विचारलं, तर म्हणाली, "गोळ्या सोडल्या की मी. अठरा दिवस झाले. मंगळवेढ्याची ज्वारी आणलीय, आता काय लागत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तपासलं तर 342, म्हणजे फारच जास्त.

तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं मला दाखवला. तो नंतर मला आणखी चार ठिकाणांहून आला. थोडक्यात असा: 'ज्वारी हे यूनोने मान्य केलेलं औषधी धान्य आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय मिळाला आहे, म्हणजे तिनं शुगर वाढत नाही. 21 दिवस फक्त ही ज्वारी खा, हवी तेवढी खा, शुगर मुळापासून जाते आणि गोळ्या बंद होतात. साखरेऐवजी गूळ खा. रक्त वाढायला रोज ग्लासभर डाळिंबाचा रस प्या. शेंगाचटणी बंद करा, कोलेस्टेरॉल होतं.'

सगळ्यात आधी तो जीआय. हे वाचून माझा संताप झाला, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची अक्षरं तेवढी सारखी आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन, इंग्रजीत जिऑग्राफिकल इंडिकेशन. त्याचा अर्थ एवढाच, की तिथल्या काळ्या, खोल, ओल धरणाऱ्या जमिनीत पिकणाऱ्या ज्वारीला तिची म्हणून ओळख आहे आणि ते नाव दुसऱ्या कुणी आपल्या मालाला लावू नये. ही नोंद चेन्नईच्या कार्यालयात होते. तिथं कुणाचं रक्त तपासत नाहीत. सोलापूरच्या चादरीलाही हेच मानांकन आहे. चादर पांघरून शुगर उतरते असं कुणी म्हणेल का?

शुगरशी संबंध असलेला जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी 1981 मध्ये तो मांडला. 50 ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजत राहायचं आणि शुद्ध ग्लुकोजला 100 धरून तुलना करायची. म्हणजे तो आकडा ठरलेल्या मापाचा असतो. 'हवी तेवढी खा' म्हटलं की त्याला काही अर्थच उरत नाही. दोन भाकऱ्यांच्या जागी चार खाल्ल्या तर रक्तात जाणारी साखर वाढणारच, ज्वारी मंगळवेढ्याची असो की बार्शीची.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. देशभरातून नमुने गोळा करून 528 पदार्थ तपासले. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सुमारे 68 ग्रॅम आहेत आणि गव्हात सुमारे 65. तंतू ज्वारीत 10 ग्रॅम, गव्हात 11. प्रथिनं दोन्हींत दहाच्या आसपास. म्हणजे चपाती सोडून भाकरी धरली तरी पिठातून जाणारी कर्बोदकं कमी होत नाहीत. वर आत्याची गोळी बंद.

एक कबूल करायला हवं. भात जास्त खाणाऱ्यानं त्यातला बराचसा काढून भाकरी घेतली तर फायदा आहे. त्याच तक्त्यात पांढऱ्या तांदळात कर्बोदकं 78 ग्रॅम आणि तंतू तीन ग्रॅमही नाहीत. भाकरी चावून खावी लागते, पोट धरते, सोबत पालेभाजी, डाळ, कांदा येतो. मी स्वतः ज्वारीच खाते, आमच्या घरात कडक भाकरीचा डबा कधी रिकामा नसतो. पण 'भातापेक्षा बरी' आणि 'मधुमेह मुळापासून जातो' यांत फार अंतर आहे. ज्वारीनं शुगर जात असती तर आत्याला ती झालीच नसती. जन्मापासून दोन्ही वेळा ज्वारी खाणारी बाई, आणि पन्नाशीत मधुमेह निघाला. हे ती स्वतः जाणते, तरी मेसेजवर विश्वास बसला, कारण त्यात आपल्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव होतं.

यूनोचंही तसंच. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं. कमी पाण्यात येणारी ही पिकं लोकांनी लावावीत, खावीत, यासाठी. औषधाचा दाखला कुणी दिलेला नाही.

आणि गोळ्या. या मेसेजमधलं खरं विष ते आहे. वाढलेली शुगर दुखत नाही. आत्याला ते अठरा दिवस अगदी बरं वाटत होतं, म्हणूनच तिला मेसेज खरा वाटला. पण तेवढ्या काळात जखम भरत नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. शुगर वर्षानुवर्षं अशीच राहिली तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा खराब होत जातात. पायाच्या नसा बधिर झाल्या की चप्पल लागलेली कळतही नाही. आत्याला कळली नव्हतीच, मोज्याला डाग दिसला तेव्हा समजलं. डॉक्टरांनी जखम साफ करताना सांगितलं की आणखी पंधरा दिवस थांबला असता तर बोट राहिलं नसतं. वजन उतरलं, चालणं वाढलं, जेवण आवरलं, तर काहींच्या गोळ्या खरंच कमी होतात. पण ते डॉक्टर रिपोर्ट बघून करतात. उलटंही होतं: काही गोळ्या अशा असतात की जेवण एकदम तोडलं आणि गोळी तेवढीच ठेवली तर साखर धोकादायक खाली जाते. दोन्हीकडून मनानं करायचं काम नाही.

गुळाचं थोडक्यात. गुळात बहुतेक साखरच असते. साखरेच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 400 कॅलरी, तर गुळाच्या साडेतीनशेच्या पुढे. लोह आहे, पण 100 ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅम. चहातल्या 10 ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळतं, आणि तरुण बाईची रोजची गरज याच पोषण संस्थेच्या शिफारशीत 29 मिलिग्रॅम आहे. शिवाय चहा तेही नीट शोषू देत नाही.

डाळिंब आपलं, सांगोल्या-पंढरपूरकडचं, त्याचं संशोधन केंद्रही इथंच सोलापुरात. फळ म्हणून मूठभर दाणे चावून खा, चांगलेच आहेत. रंग रक्ताचा म्हणून रक्त वाढत नाही: 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. ग्लासभर रसात मात्र पंचवीसेक ग्रॅम साखर, आणि चोथ्यातले तंतू फेकून दिलेले. आत्या हा रस रोज घेत होती.

शेंगाचटणीनं कोलेस्टेरॉल होतं म्हणे! कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांतच असतं, शेंगदाण्यात नसतं. तेल भरपूर आहे, म्हणून चमचाभर खायची. बीपी असेल तर मिठावर लक्ष ठेवायचं. खवट, बुरशी आलेले दाणे टाकून द्यायचे. एवढंच.

आत्याच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, ड्रेसिंग एक दिवसाआड चालू आहे, भाकरी दोन वेळा दीड-दीड. तिच्या मंडळातल्या आणखी दोघींनी गोळ्या सोडल्याचं तिनंच परवा सांगितलं. एकीला मी सोबत घेऊन गेले, दुसरी अजून ऐकत नाही. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रोजची गोळी घेताय ना. आणि तोंडी उत्तरावर थांबू नका, पाकिटातल्या गोळ्या मोजा.