स्कॅनर आणलात ना? मग लेबलांची चिंता सोडा

लॅबमध्ये स्लाइड स्कॅनर, म्हणजे काचेवरच्या टिश्यूचा फोटो काढून संगणकात टाकणारं यंत्र, बसला, फीत कापून झाली, पेढे वाटले. आता चुका होणं शक्यच नाही! ०.२५ मायक्रॉनला एक पिक्सेल, म्हणजे १५ मिलिमीटर लांबीरुंदीच्या सेक्शनचे (टिश्यूच्या पातळ कापाचे) ३६० कोटी पिक्सेल. तुकडा कोणाचा आहे हे त्यातल्या एकाही पिक्सेलवर लिहिलेलं नसतं, पण तेवढं चालायचंच. एका पेशंटचा कॅन्सर दुसऱ्याच्या नावावर बिनबोभाट जमा करायचा असेल, तर थोडी पथ्यं पाळा.

सुरुवात ऑपरेशन थिएटरातच करा. लेबल डबीच्या झाकणावर लावा. डबीच्या अंगाला लावलेलं लेबल डबीला सोडून कुठे जात नाही, हा त्याचा मोठाच दोष. लेबलवर फक्त ‘सौ. पाटील’ लिहावं. एका दिवशी दोन पाटीलबाईंची एंडोमेट्रियल (गर्भाशयाच्या अस्तराची) बायोप्सी येणं ही आपल्याकडे काही दुर्मिळ घटना नाही. नोंदणी क्रमांक लिहायचाच झाला, तर डबीवर देवनागरी आकड्यांत आणि फॉर्मवर इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी ‘१’ घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, हे आपल्या सिस्टरना आणि क्लार्कना माहीत आहेच.

ग्रॉसिंगला, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहून त्याचे तुकडे घेताना, सारख्या दिसणाऱ्या केसेस पाठोपाठ घ्या: बायोप्सीमागून बायोप्सी, तुकडे ठेवायच्या सगळ्या डब्या (कॅसेट) पांढऱ्या. मधे एखादा पित्ताशय किंवा अपेंडिक्स घातलात, किंवा कॅसेटचा रंग बदललात, तर अदलाबदल लगेच डोळ्यांत भरेल. मागची डबी बंद करून टेबल पुसल्याशिवाय पुढची उघडायची नाही, हे नियम निवांत लोकांसाठी. कॅसेटवर नंबर बॉलपेननेच घाला. पेन्सिलचं शिसं अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांमध्ये टिकतं. बॉलपेनची शाई प्रोसेसरमध्ये (तुकडे या द्रावकांतून मेणात नेणाऱ्या यंत्रात) रात्रभरात विरघळते आणि सकाळी ओळखपरेड घेता येते. वर्णनात ‘तीन तुकडे, सर्वांत मोठा ०.४ सेमी’ असं काही लिहू नका. ‘अनेक तुकडे, सर्व घेतले’ हे पुरे. तीनचे दोन झाले किंवा पाच झाले, तरी नंतर कोणी विचारू शकत नाही.

खरी कला मायक्रोटोमपाशी, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे (ब्लॉकचे) पातळ काप काढणाऱ्या यंत्रापाशी आहे. दिवसभराच्या सगळ्या स्लाइडांवर सकाळीच नंबर टाका आणि त्यांची रांग लावा. मग ४ मायक्रॉन जाडीच्या कापांची रिबन कापायची, ४२ अंशांच्या वॉटर बाथवर (कोमट पाण्याच्या भांड्यावर) पसरायची आणि रांगेतली पुढची स्लाइड उचलायची. मधेच एखादा ब्लॉक नीट कापला जाणार नाही, तो परत बर्फावर जाईल. त्याची स्लाइड मात्र रांगेतच राहील. तिथून पुढची प्रत्येक स्लाइड एका घराने सरकते. शेवटी बर्फावरचा ब्लॉक उरलेल्या एकुलत्या एक स्लाइडवर येतो. जितके ब्लॉक तितक्या स्लाइड, हिशेब चोख! अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने १३६ संस्था तपासल्या, तेव्हा चुकीच्या लेबलाचे ब्लॉक हजारी १.७ निघाले. हे सापडलेले, बरं का.

दोन ब्लॉकांच्या मधे वॉटर बाथचा पृष्ठभाग टिश्यू पेपरने निपटायची सवय असेल तर मोडा. मागच्या पेशंटच्या आतड्यातल्या गाठीचा मोहरीएवढा कण पाण्यावर तरंगत राहतो आणि पुढच्याच्या जठराच्या सेक्शनशेजारी येऊन चिकटतो. हाच तो फ्लोटर. एम्बेडिंगचा (तुकडा मेणात बसवण्याचा) चिमटा न पुसूनही साधारण हेच साधतं, फक्त तेव्हा परका तुकडा ब्लॉकमध्येच जातो. मायक्रोस्कोपचा फाइन नॉब फिरवला, की फ्लोटर बरेचदा वेगळ्या पातळीवर आहे हे कळतं. एकाच पातळीवर केलेल्या स्कॅनमध्ये ही भानगड नाही. स्कॅनरचे पैसे इथे वसूल होतात.

बारकोड? अवश्य घ्या, तपासणी पथक आलं की छान दिसतो. फक्त ब्लॉक स्कॅन केल्यावर त्याच ब्लॉकची, तेवढीच स्लाइड छापायची, ही त्यातली मेख टाळा. सगळी लेबलं सकाळी एकगठ्ठा छापा. एका कागदावर दिवसाचे सगळे बारकोड चिकटवून तिथूनच टुकटुक स्कॅन करा. सिस्टिममध्ये प्रत्येक पायरी हिरवी दिसेल, वेळेसकट. ब्लॉक तेव्हा कुठे होता, हे सिस्टिम विचारत नाही. झायलीनमध्ये सुटणारी स्वस्त लेबलं आणलीत, तर स्कॅनरला बारकोड वाचता येणार नाही आणि कोणीतरी नंबर हाताने टाइप करेल. मग दोन आकडे आपसांत जागा बदलायला कितीसा वेळ लागतो?

स्कॅन झाल्यावर पूर्ण स्लाइडचा जो छोटा फोटो येतो, लेबलसकट, तो उघडू नका. टिश्यू शोधणारा प्रोग्रॅम फिकट, चरबीचे तुकडे रिकामी काच समजून सोडून देतो, आणि ते फक्त त्या फोटोतच दिसतात. पॅथॉलॉजिस्टने फोटोतले तुकडे मोजून ग्रॉसिंगच्या नोंदीशी ताडले, तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाईल. सुदैवाने आपण ‘अनेक तुकडे’ लिहून ठेवलं आहे. चुकीची इमेज बदलायची वेळ आलीच, तर नवी चढवा आणि जुनीही केसमध्ये राहू द्या. उघडणारा आपल्या नशिबाने उघडेल.

एवढं करूनही चूक सापडलीच, तर नोंद करू नका. नंबर ब्लेडने खरवडा, वर नवं लेबल चिकटवा, टेक्निशियनला सगळ्यांदेखत झापा, की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकच गोष्ट सांभाळा: ब्लॉकमधल्या टिश्यूचा डीएनए पेशंटच्या रक्ताशी जुळवून तो कोणाचा हे आजकाल सिद्ध करता येतं, आणि रिपोर्टनंतर निदान २ आठवडे ठेवायचा ओला नमुना (डबीत फॉर्मॅलिनमध्ये उरलेला भाग) हाताशी असेल तर डबीतून नवा तुकडा घेऊन सगळंच पुन्हा तपासता येतं. तेव्हा रिपोर्टवर सही झाली, की त्याच संध्याकाळी डब्या रिकाम्या करा. कोणी विचारलंच, तर सांगा, जागा नाही आणि फॉर्मॅलिनचा वास येतो. दोन्ही खरंच आहे.