आधी स्पेसबारकडे बघा
"आवाज सुधारायचा तर आधी चांगले स्विच घ्या" हे मेकॅनिकल कीबोर्डवरच्या, म्हणजे प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असतो त्या कीबोर्डवरच्या, लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. नवीन माणूस तिथेच पैसे घालवतो आणि खडखड तशीच राहते, कारण ती स्विचची नसतेच, स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट या लांब कीजच्या खाली की तिरकी न होऊ देणारे जे स्टॅबिलायझर असतात त्यांच्यातली तार वाजत असते. मी महिनाभर तीन प्रकारचे स्विच बदलून बघितले, शेवटी तारेच्या दोन्ही टोकांना थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि स्टॅबिलायझरच्या प्लास्टिकच्या आत क्रायटॉक्स २०५ या वंगणाचा अगदी पातळ हात दिला, तेव्हा कुठे स्पेसबारचा तो टणटण आवाज गेला. आणि तार वाकडी असेल तर ग्रीसनेही भागत नाही, सपाट काचेवर ठेवून बघायची, एक टोक वर उचललेलं दिसलं की हलक्या हाताने सरळ करायची.

हॉट-स्वॅप बोर्डाने (ज्यात स्विच सोल्डर न करता काढता-घालता येतात) सुरुवात करा हे मात्र एकदम बरोबर सांगितलंय. फक्त स्विच बसवताना सरळ दाबा आणि मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या हेही लिहायला हवं होतं. माझी एक की चालेना म्हणून पीसीबीच (आतला सर्किट बोर्ड) गेला असं वाटलं, स्विच काढून बघितला तर पिन दुमडलेली, चिमट्याने सरळ केली आणि चालू.