अकराव्या ताशी आलेल्या मावशी

काल मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्षीच्या वेळी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं तेव्हा) मावशी उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "ह्या आठवड्यात प्रभूने आधार केंद्रात माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती." सगळी मंडळी म्हणाली आमेन. सवयीने माझ्याही तोंडातून आमेन निघून गेलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला, अरे, ती जागा माझी होती की!

राखून वगैरे कुणी ठेवली नव्हती. पहाटे साडेपाचला जाऊन, बंद शटरसमोर कुत्र्याशेजारी बसून मी ती धरली होती.

कामही फालतूच. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मी शमुवेल, शाळेत इंग्रजीत सॅम्युअल, आणि आधारच्या कम्प्युटरने त्या इंग्रजीचं परत मराठी केलं ते 'समूल'. म्हणजे समूळ नायनाटातला समूळ, फक्त 'ळ' चा 'ल' करून. आमच्या नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, म्हणजे शमुवेल, योहान, यिर्मया अशा हाका इथल्या गल्ल्यांनी कधीपासून ऐकल्यात, पण कम्प्युटरला कोण सांगणार. इतकी वर्षं चालून गेलं, आता पीएफवाले म्हणाले नाव जुळत नाही. दुरुस्तीची फी ७५ रुपये, आणि एक दिवसाची रजा जी फीमध्ये धरत नाहीत.

टोकन रोज तीसच. माझं सतरावं. पावणेअकराला पंधरावा आत गेला, मी शर्ट वगैरे नीट केला. आणि अकराच्या ठोक्याला मावशी अवतरल्या. हातात छत्री, काखेत पर्स.

"जय ख्रिस्त शमू! बघ, घरातून निघताना प्रार्थनाच केली होती, कुणीतरी ओळखीचं भेटू दे."

"जय ख्रिस्त मावशी. टोकन घेतलं का?"

"टोकन कशाला, मला नुसती बोटं लावायचीत. दोन मिनिटांचं काम."

"टोकनं सकाळीच संपली मावशी."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं संडे स्कूलच्या बाई वचन विसरलेल्या पोराकडे बघतात. "शेवटले ते पहिले आणि पहिले ते शेवटले होतील. मत्तय वीस."

आता मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो विसावा अध्याय मलाही पाठ आहे. द्राक्षमळ्याचा मालक, सकाळपासून राबणारे मजूर, अकराव्या ताशी आलेले मजूर, आणि संध्याकाळी सगळ्यांना मजुरी सारखी. (तो अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाच, घड्याळातले अकरा नव्हेत, पण हे मावशींना रांगेत कोण समजावणार.) सकाळचे मजूर कुरकुर करतात की आम्ही दिवसभर ऊन सोसलं आणि यांना आमच्याइतकंच? लहानपणापासून मला ते मजूर कोत्या मनाचे वाटायचे. परवा उन्हात उभा राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, त्यांचं म्हणणं तरी काय चुकीचं होतं?

तेवढ्यात आतून आवाज आला, "सतरा नंबर! समूल कोण?"

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, कोण बिचारा समूल म्हणून. देवाने बायबलातल्या शमुवेलाला रात्रीत चार वेळा हाक मारली होती, पहिल्या तीन वेळा तो उठून त्याच्या गुरूकडे, एली याजकाकडेच पळाला तरी देव चिडला नाही. आधारवाला एकदाच मारतो. मी तोंड उघडेपर्यंत मावशींनी छत्री उंचावली, "आमचाच आहे तो!" म्हणत आत शिरल्या आणि खुर्चीत बसल्यासुद्धा. ऑपरेटरने विचारलं, तुमचं टोकन? मावशी म्हणाल्या, आम्ही एकाच कुटुंबातले. मग मान वळवून मला हळूच, "ख्रिस्तात. खोटं नाही बोलले."

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. मावशी माझ्या पाठीवरून खिडकीकडे गेल्या.

दोन मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चाललं कारण मावशींची बोटंच मशीनला दिसेनात. जोरात दाबा आजी, पुसून लावा आजी, दुसरं बोट लावा आजी. मिशनच्या बोर्डिंगात जन्मभर भाकऱ्या थापल्या बाईंनी, ठसे राहणार कुठे? मला वाईट वाटलं. वाईट वाटलं याचा नंतर रागही आला, कारण धड चिडताही येईना. मावशी मात्र खूश. ऑपरेटरला तळहात दाखवून म्हणाल्या, "तुझं मशीन मला ओळखत नसेल बाळा, पण देवाने त्याच्या तळहातावर मला कोरून ठेवलंय. यशया एकोणपन्नास." तो म्हणाला, "आजी, अंगठा." शेवटी डोळे स्कॅन करून काम झालं.

आणि सर्व्हर गेला.

"आता मंगळवारी या, नवीन टोकन घेऊन." मी पायरीवर बसलो. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा तो माणूस आठवला, अडतीस वर्षं आजारी, पाणी हललं की पहिला उतरेल तो बरा व्हायचा, आणि दरवेळी दुसराच कुणीतरी त्याच्या आधी उतरायचा. लोक म्हणतात बायबल जुनं झालं. अहो, आधार केंद्र आहे त्यात, त्या तळ्याच्या पाच पडव्यांसकट. मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पर्समधून एक चिक्की काढून दिली आणि म्हणाल्या, "यातून देव तुला धीर शिकवतोय." आणि रिक्षा करून गेल्या.

हे धीराचं मला कळतच नाही. धीर कायम रांगेतल्यालाच शिकवायचा, खिडकीतल्याला का नाही? सर्व्हरला का नाही? मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सहाला काहीतरी येतं, मोबाईलला चार्जिंग तशी आत्म्याला प्रार्थना, कुकरची शिट्टी आणि परीक्षेची वेळ. येशूनेही मोहरीचा दाणा, खमीर, हरवलेलं नाणं असलं घरातलंच घेतलं, मान्य. पण तो गोष्ट सांगायचा आणि बरेचदा डोकं खाजवायचं काम ऐकणाऱ्यावर सोडायचा, इथे धडा आधी तयार असतो आणि मग तो कुणाच्या तरी डोक्यावर फोडतात. आणि त्या मळ्याच्या मालकाने उशिरा आलेल्यांना पैसे दिले ते स्वतःच्या खिशातून हो! सकाळच्या मजुराच्या हातातले काढून नाही दिले. हे मी मावशींना सांगणार होतो. पण काल चहाच्या वेळी त्यांनीच मला गाठलं, पाठीवरून हात फिरवला, "झालं का रे नाव?" विचारलं, आणि मी म्हणालो, "होईल मावशी."

"परत जाशील तेव्हा सांग हं. ह्यांचा मोबाईल नंबर लिंक करायचाय. मी तुझ्या मागेच उभी राहीन."

मंगळवारी पहाटे पाचलाच जाणार आहे. बायकोला सांगितलंय. मंडळीत कुणाला नाही.