‘दुखलं नाही म्हणजे विष नाही’? अंदमानी मण्यारीबद्दल तरी असं समजू नका

अंदमानच्या सापांबद्दल एक संदेश बराच फिरतो. तिथले पट्टेरी साप बिनविषारी असतात, चावा दुखला नाही तर घाबरू नये, प्रतिविष सगळ्या सापांवर सारखंच चालतं आणि मण्यार माणसाच्या मागावर अंथरुणात शिरते, असं त्यात आहे. चारही गोष्टी चूक. त्यातली दुसरी तर जीव घेणारी.

पट्ट्यांचं आधी. कवड्यासारखे काही पट्टेरी साप बिनविषारी असतात, हे खरं. पण अंदमानात मण्यारीची एक स्वतंत्र जात आहे, ती इतरत्र कुठेच सापडत नाही. बिस्वास आणि सन्याल यांनी १९७८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. अंधारात पट्टे बघून साप ओळखायला जाऊच नका.

आता दुखण्याचं. मण्यारीचे दात बारीक असतात. सूज बहुतेक येतच नाही, वेदनाही नगण्य. झोपेत चावली तर कित्येकांना कळतही नाही. विष मात्र आत नसांच्या टोकांवर काम करत असतं आणि नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तुटतो. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मग श्वासाचे स्नायू थकतात. कुणाला पोटात कळा येतात आणि घरचे त्याला अपचन समजतात. नसांची टोकं एकदा खराब झाली की प्रतिविषाने ती जागेवर येत नाहीत. ती पुन्हा तयार होईपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, व्हेंटिलेटरच रोग्याला जगवतो. म्हणून लक्षणांची वाट बघणं मला अक्षम्य वाटतं.

भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या मुख्य भूमीवरच्या चार सापांच्या विषापासून बनतं. या चारांपैकी एकही जात अंदमानात नाही. प्रतिविष द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण ‘इंजेक्शन मिळेलच’ म्हणून निवांत बसू नका.

राहिला माग काढण्याचा आरोप. मण्यार रात्री भक्ष्य शोधत जमिनीवरून फिरते. सरडे, उंदीर आणि मुख्य म्हणजे दुसरे साप खाते. जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली आणि ती अंगाखाली सापडली, की चावते. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. तरीही चावलीच, तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हातपाय न हलवता, जिथे व्हेंटिलेटर आहे अशा रुग्णालयात तडक न्या.