‘अठ्ठावीस थ्रेड असताना चार कोअरचा आय३ कोण घेतो?’

गेली काही वर्षं एकच मजकूर निरनिराळ्या रूपांत फिरतोय. कधी छोट्या व्हिडिओत, कधी कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन. त्याचं सार असं: “कंपन्यांनी सर्व्हरमधून काढलेला झिऑन ई५-२६८० व्ही४ घ्या. १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश. सोबत चिनी एक्स९९ बोर्ड आणि सर्व्हरची ३२ जीबी रॅम. तेवढ्याच पैशात दुकानदार तुमच्या गळ्यात चार कोअरचा आय३ मारेल. सर्व्हरचा माल आहे, वर्षानुवर्षं हलणार नाही. टर्बो अनलॉक केलात तर अजून पळेल. कुठलाही गेम लोण्यासारखा चालेल.” (झिऑन हा इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, आय३ हा त्याच कंपनीचा घरगुती. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्याच्याकडची कामाची रांग, इथे एका कोअरला दोन. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. आणि एक्स९९ हा हे प्रोसेसर बसतात त्या बोर्डाचा प्रकार.)

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. हे वाचून त्याने सगळे भाग मागवले आणि खोकं घेऊन सांगलीत माझ्या दुकानात आला. “मामा, सगळं आणलंय, फक्त जोडून दे.” पैसे त्याचे स्वतःचे होते, शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं अशीच पै-पै जमवून येतात, म्हणून या मजकुराला एकदा नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

पहिला दावा सगळ्यात मोठा: थ्रेड जास्त म्हणजे गेम जास्त पळणार. हा प्रोसेसर इंटेलने २०१६ मध्ये आणला तेव्हा त्याची यादीतली किंमत १७०० डॉलरच्या वर होती. किंमत खरी आणि प्रोसेसरही उत्तम, पण तो बनवलाय शेकडो लोकांच्या मागण्या एकाच वेळी हाताळायला. गेमचं काम तसं नसतं. गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो. खेळाडूने काय दाबलं, गोळी कुठे लागली, पुढच्या फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या पुढच्या चित्रात, काय काय दिसायचं, ही जुळवाजुळव बरीचशी तिथे होते, आणि ती पुरी झाल्याशिवाय ग्राफिक्स कार्डाला पुढचं काम मिळत नाही. पंगतीला वाढपी अठ्ठावीस उभे असले, तरी कढईवर आचारी एकच असेल तर पंगत त्याच्याच वेगाने उठते.

आता त्या एका आचाऱ्याचा वेग बघू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर असेल तर फक्त ६.९. या झिऑनचा एखादा कोअर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ३.३ अब्ज ठोक्यांपर्यंत, जातो, आणि सगळे कोअर कामाला लागले की त्याच्याही खाली येतो. २०२२ मधला आय३-१२१००एफ ४.३ पर्यंत जातो. शिवाय मधल्या पिढ्यांमध्ये एका ठोक्यात होणारं कामही वाढलं. इंटेलनेच अकराव्या पिढीत सुमारे १९ टक्के आणि बाराव्या पिढीत त्यावर आणखी सुमारे १९ टक्के वाढ सांगितली आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर त्या ‘फालतू’ आय३चा एक कोअर झिऑनच्या एका कोअरपेक्षा पावणेदोन पटीहून थोडं जास्तच काम उरकतो. जे काम वाटून देता येत नाही, तिथे बाकीचे तेरा कोअर मदतीला येऊच शकत नाहीत.

भाच्याला हे आकड्यांनी पटेना. मग मशिन जोडून काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा गेम चालू केला आणि दुसऱ्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर उघडला. तिथे प्रोसेसरच्या आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख लावता येतो. अठ्ठावीस चौकोन दिसले. एखाददुसरा जवळजवळ छताला टेकलेला, चार-पाच अर्ध्यावर, बाकीचे तळाशी आडवे. एकूण वापर पंचवीस टक्क्यांच्या आत. ग्राफिक्स कार्डही साठ टक्क्यांवर रेंगाळत होतं, कारण त्याला काम वेळेवर मिळतच नव्हतं. सरासरी ११०-१२० फ्रेम येत होत्या, आणि तेवढाच आकडा बघितला तर कुणीही खूश होईल. पण समोर धूर पसरला, दोन-तीन जण एकदम गोळीबार करायला लागले की आकडा साठाच्या खाली घसरायचा, आणि नेमक्या त्याच क्षणी माउस जड लागायचा. तेच कार्ड दुकानातल्या आय३-१२१००एफवर लावलं. सरासरी दोनशेच्या वर गेली आणि त्याच धुरात आकडा शंभराच्या आसपास टिकला. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, व्हिडिओत फक्त सरासरी दाखवली होती.” या व्हिडिओंबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. खेळताना हाताला जाणवतात ते खालचे आकडे, सरासरी नव्हे.

“पण आता गेम जास्त कोअर वापरायला लागलेत,” हे उत्तर लगेच येतं. त्यात तथ्य आहे. सायबरपंक २०७७ सारखा गेम कोअर चांगले वापरतो आणि तिथे झिऑन बराच सावरतो. चार कोअरचा आय३ अशा गेममध्ये गर्दीच्या रस्त्यांवर स्वतःच दमतो, म्हणून नवीन घेणाऱ्याला मीही सहा कोअरचा, एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० सुचवतो. पण बहुतेक मोठे गेम २०२० साली आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स समोर ठेवून बनतात, आणि त्या दोन्हींत आठ कोअर, सोळा थ्रेड आहेत. त्याच्या पुढचे कोअर गेमला फारसे कामाचे नाहीत. दोन प्रोसेसरचे बोर्ड घेऊन ५६ थ्रेड करणाऱ्यांची तर दया येते. एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या ताब्यातली रॅम वाचायची असेल तर लांबून वळसा पडतो, आणि गेम उलट जास्त अडखळतो.

टर्बो अनलॉकचा मुद्दा छोटा आहे, पण त्यावर फसवणूक फार होते. टर्बो म्हणजे गरज पडली की प्रोसेसरने नेहमीपेक्षा जास्त वेग घेणं. अनलॉकची युक्ती व्ही३ या आधीच्या पिढीवर चालते, व्ही४वर चालत नाही. म्हणजे ज्या २६८० व्ही४चं कौतुक चाललंय, त्याला ती लागूच नाही. व्ही३वर बदललेला बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाकून सगळे कोअर एकाच वेळी कमाल टर्बोवर ठेवता येतात. पण ती कमाल मर्यादा वाढत नाही. २६८० व्ही३ अनलॉक केला तरी त्याचा एक कोअर ३.३वरच थांबतो. रेंडरिंगला, म्हणजे ॲनिमेशनची अंतिम चित्रं तयार करायला, फायदा होतो, गेमच्या मुख्य थ्रेडला नाही.

“सर्व्हरचा माल, वर्षानुवर्षं हलणार नाही.” प्रोसेसरपुरतं हे शंभर टक्के खरं. माझ्या हातून गेलेल्या जुन्या झिऑनपैकी आपणहून मेलेला एकही आठवत नाही. पण ज्या बोर्डावर तो बसतो ते बोर्ड सर्व्हरचं नसतं. खऱ्या सर्व्हरचं बोर्ड घरच्या कॅबिनेटमध्ये सहसा बसत नाही, म्हणून चीनमधल्या छोट्या कारखान्यांनी जुन्या चिप काढून, नव्या सर्किटवर लावून ही स्वस्त बोर्डं बाजारात आणली. भाच्याच्या बोर्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक्स९९ छापलं होतं. माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं तर चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) निघाला बी८५. म्हणजे २०१३ सालच्या साध्या डेस्कटॉप बोर्डातला. दोन्ही चिपसेट प्रोसेसरशी एकाच प्रकारच्या दुव्याने बोलतात, त्यामुळे हे चालून जातं, पण खोक्यावर लिहिलेलं आणि आत मिळालेलं यात फरक आहे हे ग्राहकाला कळायला हवं. खऱ्या एक्स९९वर दहा साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) मिळतात, बी८५वर सहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. १२० वॅटचा प्रोसेसर आणि शेजारी त्या भागाची उष्णता घालवायला बोटाएवढा ॲल्युमिनिअमचा तुकडा, तोही नुसता चिकटवलेला. अर्धा तास पूर्ण लोड दिल्यावर त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. मी तिथे एक छोटा पंखा बसवला. मशिन स्लीपमध्ये गेलं की परत उठत नव्हतं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, “स्लीप बंद ठेवा.” वॉरंटी कागदावर होती, पण बोर्ड परत पाठवायचा खर्चच बोर्डाच्या किमतीच्या जवळ जात होता.

रॅमबद्दल मात्र त्या मजकुराशी मी सहमत आहे. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम (चुका आपणहून दुरुस्त करणारी, सर्व्हरसाठीची रॅम) साध्या रॅमपेक्षा स्वस्तात मिळत आली आहे, आणि कष्टाने पैसे जमवणाऱ्याला तो मोह होणारच. फक्त एक गोष्ट सांगितली जात नाही: ही रॅम साध्या इंटेल किंवा रायझनच्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. दोन वर्षांनी बोर्ड गेलं किंवा मशिन बदलायचं ठरलं, तर ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कॅबिनेट सोबत येतात, रॅम येत नाही. आणि चार चॅनेलचं (प्रोसेसर आणि रॅममधल्या चार वाटांचं) जे कौतुक ऐकलं असेल, त्यासाठी चार चॅनेलचं बोर्ड आणि रॅमच्या चार कांड्या लागतात. स्वस्तातल्या कित्येक बोर्डांवर स्लॉटच दोन असतात.

विंडोजचा प्रश्न दोन-तीन वर्षांपूर्वी दुय्यम होता, आता राहिलेला नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या अधिकृत यादीत हे झिऑन नाहीत. तपासणी चुकवून ते बसवता येतं, मीही बसवून दिलंय. पण गेम त्याच्या पुढची तपासणी करतात. व्हॅलोरंटला विंडोज ११वर टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) आणि सिक्युअर बूट (मशिन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही लागतात. बॅटलफील्ड ६लाही लागतात. या स्वस्त बोर्डांवर टीपीएम २.० सहसा नसतंच. भाच्याचे मित्र रोज रात्री व्हॅलोरंट खेळतात, त्याने मशिन घेतलं होतं ते मुख्यतः त्यासाठी. विंडोज ११ टाकल्यावर तोच गेम उघडेना. कुठलाही गेम चालेल म्हणणाऱ्या त्या मजकुरात याबद्दल एक ओळही नव्हती.

उलट बाजूनेही एक दावा फिरतो, त्याचंही उत्तर द्यायला हवं: “झिऑनमुळे वीजबिल दुप्पट होतं.” हे खोटं आहे. गेम खेळताना तो पूर्ण १२० वॅट खातच नाही, कारण बहुतेक कोअर रिकामे असतात. नव्या मशिनपेक्षा ५० वॅट जास्त धरा, रोज पाच तास, तीस दिवस: साडेसात युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला पाऊणशे रुपये. मशिन दिवसरात्र चालू ठेवणाऱ्यांनी वेगळा हिशेब करावा, बाकीच्यांनी या कारणासाठी झिऑन नाकारू नये.

आणि तो नाकारूच नये अशी कामंही आहेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणारे, एकाच संगणकात तीन-चार व्हर्च्युअल (आभासी) मशिन चालवून नेटवर्किंग शिकणारे, प्रोग्रामिंगचे मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणारे यांना इतक्या पैशात असं दुसरं काही मिळणार नाही. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर निवांत कथाप्रधान गेम खेळणाऱ्यालाही तो पुरेल. तरीही घ्यायचाच असेल तर कोअरचा आकडा सोडा आणि वेग बघा. ई५-१६५० व्ही३ला सहाच कोअर आहेत, पण तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याचा गुणक खुला आहे, म्हणजे बोर्डाची साथ असेल तर वेग हाताने वाढवता येतो. शक्य असेल तर चिनी बोर्डाऐवजी एचपी झेड४४० किंवा डेल टी५८१० असं अख्खं वर्कस्टेशन घ्या. त्यांचं बोर्ड भरवशाचं असतं. मात्र पॉवर सप्लायचे कनेक्टर कंपनीचे खास असतात, त्यामुळे तो जळाला तर गल्लीतल्या दुकानातला साधा सप्लाय त्यात लागत नाही.

बहुतेक मुलांना मी वेगळा रस्ता सांगतो. ऑफिसांतून लीज संपून निघालेले आय५-८५०० प्रोसेसरचे डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि आता आमच्याकडेही मिळतात. सहा कोअर, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, साधी डीडीआर४ रॅम, विंडोज ११च्या यादीत नाव, आणि आत ग्राफिक्स असल्यामुळे कार्डाला पैसे जमेपर्यंत मशिन बंद राहत नाही. घेताना टॉवर कॅबिनेटच घ्या. चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही आणि पॉवर सप्लायही तुटपुंजा असतो. टॉवरमध्येही सप्लाय छोटाच निघाला तर जीटीएक्स १६५० या ग्राफिक्स कार्डाचं जादा वीज-कनेक्टर नसलेलं मॉडेल लावा, ते ७५ वॅटमध्ये भागतं. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र इथे टाळा, आणि झिऑनवरही टाळा. ते कार्ड बोर्डाशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या बोर्डावर त्याचा दम कमी पडतो.

भाच्याचा झिऑन शेवटी त्याच्याच कॉलेजातल्या एका मुलीने घेतला. ती ॲनिमेशन शिकते आणि रात्री रेंडर लावून झोपते. मागितली ती किंमत तिने दिली. भाच्याने त्या पैशात थोडी भर घालून आय५-८५०० घेतला. या वेळी तो दुकानात स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन गेला होता. आधी टीपीएमची खिडकी उघडून आवृत्ती बघितली, मग गेम लावून वीस मिनिटं खेळला, धुरातला आकडा वहीत लिहून घेतला आणि मगच पैसे दिले.