दहा लाखांचं वैष्णोदेवीचं नाणं आणि काकांचा फॉरवर्ड

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक निरोप टाकला. तोच पुढे सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. त्याचं सार असं: वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ आकड्याची नोट किंवा ट्रॅक्टरवाली पाचाची नोट घरात असेल तर दहा लाखांपर्यंत मिळतात. नाणं जितकं जुनं तितकं महाग. चिंचेने घासून चकचकीत करा, फोटो काढा, नोंदणी करा, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. नाण्यांचा भाव कधी उतरत नाही. आणि शेवटी टोमणा: "नुसती जमवणारे वेडे, विकणारे शहाणे." त्याखाली काकांनी माझ्यासाठी खास ओळ टाकली होती, "तुझ्याकडे तर डबेच्या डबे आहेत, बघ जरा!"

डबे आहेत हे खरं. पंचवीसेक वर्षं जमवतोय. ग्रुपवर उत्तर मावेना, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितो.

सुरुवात वैष्णोदेवीपासून. श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून २०१२ साली ५ आणि १० रुपयांची ही नाणी निघाली. ती संग्रहालयासाठी नव्हती, चलनासाठी होती. कंडक्टरच्या पिशवीतून, भाजीवाल्याच्या गल्ल्यातून फिरली, अजूनही अधूनमधून हाताला लागतात. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी गेलात तर पथारीवर ढिगात दिसतील. मी पाचाचं तीस रुपयांना घेतलं, आणि तेही घासाघीस न करता, कारण पाऊस येत होता. जी वस्तू मंगळवार पेठेत तीस रुपयांना मिळते तिला दहा लाख देणारा माणूस रिक्षा करून तिथेच का जात नाही, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकालाही पडत नाही.

७८६ ची गोष्ट तर कागद-पेन्सिल घेऊन सुटते. आपल्या नोटेवर अक्षरांनंतर सहा आकडे असतात. म्हणजे एका अक्षरमालिकेत साधारण दहा लाख नोटा. सहा आकड्यांत ७८६ हे सलग तीन आकडे चार जागी बसू शकतात, प्रत्येक जागेला हजार नोटा. ७८६७८६ ही दोनदा मोजली जाते, ती वजा करा: ३,९९९. थोडक्यात दर अडीचशे नोटांमागे एक. तुमच्या-माझ्या पाकिटातून आजवर अशा कितीतरी नोटा गेल्या असतील. श्रद्धेपोटी कोणी ती जपून ठेवतो, हौसेने चार पैसे जास्तही देतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अडीचशेत एक असलेल्या गोष्टीला दुर्मीळ म्हणत नाहीत.

मग ते दहा लाखांचे आकडे येतात कुठून? जाहिरातींच्या साइटवरून. तिथे कोणीही आपल्या पाच रुपयांसमोर वाटेल तो आकडा टाकू शकतो. मागायला काय लागतं? त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट निघतो, स्क्रीनशॉटची बातमी होते, बातमीचा फॉरवर्ड होतो. नाणं कितीला गेलं हे कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ते गेलेलंच नसतं. भाव बघायचाच असेल तर नाण्यांच्या लिलावांचे झालेल्या विक्रीचे आकडे बघावेत. तिथे बोली लागलेली असते, पैसे मोजलेले असतात.

दुसरा मुद्दा, "जितकं जुनं तितकं महाग." इथे जरा रेंगाळतो, कारण हा गैरसमज शिकल्यासवरल्या लोकांतही आहे.

सातवाहनांची शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची बारकी नाणी अठराशे-दोन हजार वर्षं जुनी आहेत. महाराष्ट्रात ती इतकी सापडली आहेत की साधं, झिजलेलं नाणं काही शे रुपयांत मिळून जातं. हॉटेलात चौघांचं जेवण त्याहून महाग पडतं. उलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया शंभर वर्षांचाही नाही, पण तो खरा निघाला तर संग्राहक धावत येतील. त्या सुमारास सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि त्या सालचे जुन्या कसाचे रुपये फारसे उरलेच नाहीत. म्हणूनच १९३८ च्या रुपयातला आठ कोरून नऊ करणारे कारागीरही पैदा झाले. नाण्याची किंमत किती उरली, कुठल्या अवस्थेत उरली आणि किती जणांना ते हवं आहे, यावर ठरते. वय त्यात फार मागच्या बाकावर बसतं.

आजीच्या ट्रंकेतल्या 'बंद्या रुपया'चंही तसंच. राणीछाप किंवा राजाछाप जुना रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. हा सराफाकडे चांदीच्या भावाने कधीही जातो, त्यात गूढ काही नाही. पण १९४० पासूनचा रुपया निम्म्याच चांदीचा. आणि १९४७ चा वाघछाप रुपया तर निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला टकदिशी चिकटतो. मी हे एका लग्नघरात सहज करून दाखवलं. माझ्याकडे असं पाहिलं गेलं की जणू मीच चांदी काढून घेतली!

शिवराईबद्दल बोलायला मला भीती वाटते, कारण भावना गुंततात. 'श्री राजा शिव' एका बाजूला, 'छत्रपति' दुसऱ्या बाजूला, हे तांब्याचं नाणं महाराजांच्या काळात सुरू झालं. पण ते पुढे पेशवाईतही पाडलं गेलं आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत राहिलं. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई ही त्यातली उत्तरकालीन. घराघरांत "ही महाराजांच्या हातची" म्हणून जपलेली शिवराई बहुतेक वेळा दुदांडीच निघते. ती विकून फ्लॅट येत नाही. पण तिच्यावरची अक्षरं भिंगाखाली धरून बघा. कुठे शिव, कुठे सिव, कुठे शीव. ठसा कोरणाऱ्या कोणा कारागिराने ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता ठोकून दिलेलं. शुद्धलेखनाबद्दल शाळेत छड्या खाल्लेल्या माणसाला यात जो आनंद होतो तो कुठल्या दरपत्रकात बसवणार?

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली, रामपंचायतन किंवा हनुमान असलेली जाडजूड तांब्याची नाणी जत्रेत मिळतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. देव्हाऱ्यात ठेवायची तर ठेवा, लाखांची स्वप्नं बघू नका. आणि तेच नाणं 'तांदूळ ओढतं' असं सांगत 'राइस पुलर' म्हणून कोणी गळ्यात मारायला आलं, तर थेट पोलीस ठाणं.

"चिंचेने घासा." नको! कृपा करून नको. तांब्याच्या नाण्यावर काळाने चढवलेला तपकिरी-हिरवट थर हीच त्याची कातडी. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर लावली की नाणं चकाकतं आणि त्याची निम्मी किंमत मोरीतून वाहून जाते. अक्षरांच्या कडा बोथट होतात, अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो. फॉरवर्डमधला हा एकच सल्ला असा आहे की जो पाळला तर खरोखर दुर्मीळ असलेलं नाणंही साधं होईल.

आता रिझर्व्ह बँकेची मान्यता. नाणी पाडते केंद्र सरकार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळींत. रिझर्व्ह बँक ती फक्त चलनात आणते. आणि जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर पत्रक काढून सांगितलं आहे. तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना लुबाडलं जात होतं म्हणूनच ते काढावं लागलं.

हे लुबाडणं कसं चालतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी ट्रॅक्टरच्या नोटेचा फोटो पाठवला. तासाभरात फोन, अतिशय अदबीचा, "सर, सात लाख मंजूर." आधी नोंदणीचे साडेसातशे. मग जीएसटीचे म्हणून साडेतीन हजार. मग 'आरटीजीएस क्लिअरन्स'चे. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी ते माझ्याकडे आले, नोट खरी आहे का विचारायला. नोट अस्सल होती. पाच रुपयांची.

"नाण्यांचा भाव कधी उतरत नाही." ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. तेव्हा कितीतरी जणांनी चार आण्यांच्या बरण्या भरून ठेवल्या, पुढे सोनं होईल म्हणून. कोट्यवधींनी पाडलेली नाणी, आणि तुमच्यासारखीच बरणी शेजाऱ्यानेही भरलेली. आज ती किलोवर मागितली जातात. आणि अजून चलनात असलेली नाणी वितळवून धातू काढीन म्हणाल, तर त्याला २०११ चा नाणे कायदा मनाई करतो.

शिवाय व्यापाऱ्याचा खरेदीचा भाव वेगळा, विक्रीचा वेगळा. हजाराला घेतलेलं नाणं दुसऱ्याच दिवशी त्याच दुकानात परत न्या, सहाशे-सातशे म्हणेल. त्यात फसवणूक नाही, त्याला दुकान चालवायचंय. लिलावगृह कमिशन घेतं. जो नाण्यातून खरंच कमावतो तो हा सगळा खर्च धरून, वर्षानुवर्षं ठसे पाठ करून, खोटं खऱ्यातून निवडायला शिकून कमावतो. म्हणजे आधी तो आमच्यातलाच वेडा असतो, शहाणपण नंतरचं.

फॉरवर्डच्या काही आवृत्त्यांत एक शेपूटही असतं, "शेतात सापडलेल्या नाण्यांना दुप्पट भाव." हे मात्र गंमतीचं नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, हा कायदा १८७८ पासूनचा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही, त्याचा धंदा करायला परवाना लागतो.

कायदा बाजूला ठेवा. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. १३,२५० नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसरीकडे ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. रेव्हरंड स्कॉट यांनी ती बसून तपासली, तेव्हा दिसलं की त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलाय, नहपानाच्या चेहऱ्यावर थेट. हरलेल्या राजाचं चलन जिंकणाऱ्याने कसं ताब्यात घेतलं, हे त्या ढिगाने सांगितलं. ती नाणी सापडल्या रात्री वाटून सराफाकडे गेली असती तर काही किलो चांदी झाली असती, बस्स. सुटं एक नाणं हे सांगू शकत नव्हतं. तेरा हजार एकत्र होती म्हणून सांगू शकली.

राहिला शेवटचा टोमणा, वेडे आणि शहाणे. यात मी काकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. आमच्यातही काही सोवळे लोक आहेत, त्यांना विक्री म्हटलं की विटाळ होतो. ते मला पटत नाही. मी दुबार नाणी विकतो, अदलाबदल करतो. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया, ज्याच्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि पुढच्याच वर्षी ठसा बदलावा लागला, तो मी दोन शिवराया आणि थोडे पैसे देऊन घेतलाय. विकणारा खूश, मी खूश. फरक एवढाच की विकायचं काय हे मी नाणं ओळखल्यावर ठरवतो, आणि फॉरवर्ड ते ओळखायच्या आधीच ठरवून मोकळा होतो.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचं वैष्णोदेवीचं नाणं घेऊन भिंगाखाली बघायला आले. मी त्यांना सालाखाली टांकसाळीचं चिन्ह कसं शोधायचं ते दाखवलं: पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आता ते मिळेल त्या सुट्ट्या पैशांचं साल आणि टांकसाळ तपासतात. वाण्याच्या दुकानात रांग थांबते.

त्यांचं ते नाणं मात्र काकूंनी देव्हाऱ्यात ठेवलंय. रोज पाण्याने धुतात, हळदीकुंकू वाहतात आणि शुक्रवारी चिंचेने लख्ख घासतात.